चिखल, बर्फ आणि चांगुणाबाईंचा हातगुण

सारसोळ्यात कुणाचा पाय मुरगळला किंवा मनगट लचकलं, की घरचे लोक आधी ओहोटी कधी आहे ते बघायचे आणि मग चांगुणाबाईंकडे जायचे. भरती असली तर घरी बसून कण्हायचं, कारण औषध पाण्याखाली असे. गावाच्या डोक्यावर एवढं ऊन, एवढे माणसांचे धंदे, पण दुखणाऱ्या घोट्याचा दवाखाना दिवसातून दोनदाच उघडायचा आणि तोही चंद्राच्या मर्जीने.

औषध म्हणजे चिखल. आता चिखल काय, खाडीकाठी जिकडे पाऊल टाकाल तिकडे आहे. पण चांगुणाबाईंना तो चालत नसे. तिवरांच्या मुळाशी, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही, तिथे त्या कोपरापर्यंत हात खुपसायच्या आणि बोटांना गार लागेल तिथला काळा गाळ उपसायच्या. तो घोट्याभोवती दोन बोटं जाड लिंपायचा, वरून ओला पंचा गुंडाळायचा आणि हाताने चाचपत बसायचं. गाळ कोमट झाला की काढायचा, नवा लावायचा. दिवस आणि रात्र असं चालायचं. दोन दिवस कुणी पायाला हात लावून चोळायचं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गार बंद आणि गरम मिठाच्या पुरचुंडीने शेक सुरू. पाय मुरगळला रे मुरगळला की तेल घेऊन रगडायला बसणारे लोक चांगुणाबाईंच्या दृष्टीने खुनी होते, आणि त्या हे त्यांच्या तोंडावर सांगत.

गाळाला वास यायचा. वास म्हणजे कसा, तर दुखणेकऱ्याचा सख्खा भाऊसुद्धा दारातूनच विचारपूस करून परत जायचा. चांगुणाबाई हे उपचारातच धरायच्या. माणसं आली की रोगी बोलतो, बोलला की उठतो, उठला की पाय टेकतो. वासामुळे तो आपोआप पडून राहायचा.

हे सगळं त्या जासईला, माहेरी शिकल्या. तिथे मिठागरांच्या बांधांवर पाय घसरणं माणसांच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. लग्न होऊन त्या सारसोळ्यात आल्या, मासे विकायला लागल्या, आणि चिखल बरोबर घेऊन आल्यासारखा त्यांचा नावलौकिकही झाला. लोक म्हणायचे, बाईला हातगुण आहे. नारळ आणायचे, कुणी पसाभर तांदूळ. चांगुणाबाई ते ठेवून घ्यायच्या, पण त्यांना खरं सुख त्या एका शब्दाचं होतं. मिठागर शेठचं, खंडाने घेतलेलं. होडीत नवऱ्याचा, गोटीरामचा, निम्मा वाटा आणि निम्मा दिराचा. मासे खाडीचे. हातगुण तेवढा त्यांचा एकटीचा होता, आणि एखादा पाय बिघडला तर तो जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या कुठल्याही पायाला हात लावण्याआधी तो स्वतःचा असल्यासारखा घाबरून बघायच्या. फक्त तोंडावर दिसू द्यायच्या नाहीत.

सत्त्याहत्तर साली त्यांची गाठ डॉक्टर श्यामसुंदर प्रभुदेसाईंशी पडली. हे गिरगावातून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. दवाखाना खालीच. त्या काळी वाशीत इमारती आधी झाल्या होत्या आणि रस्ते मागून सावकाश येत होते, मध्ये कसले तरी चर खणून ठेवलेले असत. डॉक्टर मार्केटबाहेर चांगुणाबाईंच्या पाटीवरचे बोंबील बघत होते. भाव ऐकून दोन पावलं मागे सरले आणि चरात गेले.

डॉक्टरांचा हात स्वतःच्या पायापर्यंत पोचायच्या आत चांगुणाबाईंचा पोचला होता. त्यांनी घोट्याच्या खाली, वर, मागे असं तीन ठिकाणी दाबलं.

"हाड शाबूत हाय," त्या म्हणाल्या. "शीर ताणलीय. दुपारला ओहोटी हाय. चिखल आनून देतंय."

"चिखल नको," डॉक्टर म्हणाले. "मी डॉक्टर आहे."

"मंग चरात कशाला गेलाव?" चांगुणाबाईंनी विचारलं. त्यांना यात खोचक काही वाटलं नाही. डॉक्टरांना वाटलं.

डॉक्टर लंगडत घरी गेले आणि फ्रीजमधला बर्फ काढून त्यांनी रबरी पिशवीत भरला. ही पिशवी चौकड्याच्या कापडासारखी दिसणारी, वर फिरकीचं झाकण असलेली, तापाच्या रोग्याच्या कपाळावर ठेवतात ती. मध्ये टॉवेलचा पदर, वीस मिनिटं ठेवायची, दोन तास काढायची. सगळं शास्त्राप्रमाणे. पण तिसऱ्या खेपेला वीज गेली, ती गेलीच. फ्रीजमधला बर्फ वितळला, मग फ्रीजखालून पाणी आलं, आणि डॉक्टर पाय खुर्चीवर ठेवून ते पाणी स्वयंपाकघरात जाताना बघत बसले. संध्याकाळी दारात चांगुणाबाई उभ्या. हातात तुपाच्या रिकाम्या डब्यात गाळ.

"ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. "लावायचा नसंल तर झाडांना घाला."

डॉक्टरांच्या पत्नी चारुलताबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. वास आला म्हणून त्यांनी नाक मुरडलं, पण प्रयोग म्हटल्यावर त्यांचा राग टिकत नसे. शाळेचा थर्मामीटर घरी होताच. डॉक्टरांच्या डायरीत त्या आठवड्याच्या नोंदी आहेत. गाळ, लावताना, पंचवीस अंश. गाळ, अर्ध्या तासानंतर, एकोणतीस. बर्फाची पिशवी, टॉवेलबाहेर, नऊ. पिशवी घोट्याला एकाच बाजूने टेकते, गाळ चहूबाजूंनी. बर्फाने ठणका लवकर थांबतो. गाळाने सूज पसरत नाही, पाय हलत नाही. खाली वेगळ्या शाईत लिहिलंय: वासाला आलेली मांजरं, चार.

पाय आठ दिवसांत बरा झाला. डॉक्टर म्हणाले बर्फाने, चांगुणाबाई म्हणाल्या गाळाने, आणि चारुलताबाईंच्या मते तो आठ दिवसांत नुसता बसूनही झाला असता. पण तेव्हापासून दोघांचं बरं जमलं. हाड मोडल्याचा संशय आला की चांगुणाबाई माणूस डॉक्टरांकडे पाठवायच्या. नुसतं लचकलं असलं आणि माणूस गावातला असला की डॉक्टर त्याला म्हणायचे, ओहोटी कधी आहे बघा.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं कधी जमलं नाही. डॉक्टर म्हणायचे, बर्फ वीस मिनिटांच्या वर ठेवायचा नाही आणि कातडीला थेट लावायचा नाही.

"गुण येत असंल तर काढायचा कशाला?" चांगुणाबाई विचारायच्या.

"कातडी भाजते."

"बर्फानं?"

"बर्फानं."

चांगुणाबाई हसायच्या. पंधरा वर्षं त्या रोज पहाटे बर्फाची लादी मोगरीने फोडत आल्या होत्या. चुरा करायचा, पाटीत पसरायचा, मासळी मांडायची, पुन्हा चुरा. त्यांनी आपले दोन्ही तळवे डॉक्टरांपुढे धरले. "बगा, कुटं भाजलंय." तळवे होडीच्या वल्ह्यासारखे कडक आणि गुळगुळीत होते. डॉक्टरांनी बघितले आणि विषय सोडून दिला. त्यांनी सोडायला नको होता, पण त्यांना त्या दिवशी पापलेट न्यायचं होतं.

पुढे चिखल संपला. म्हणजे चिखल कसला संपतोय, पण तिवरांच्या मुळाशी गार लागायची ती जागा संपली. नव्या सेक्टरसाठी भराव आला. ट्रक मुरूम ओतून जायचे. मिठागरं गेली, त्यांच्या नोटिसा आल्या, लोक मोर्च्यांना गेले, परत आले. गोटीरामला कोलंबी मिळेनाशी झाली. ब्याऐंशी साली चांगुणाबाईंनी एकदा नेहमीच्या जागी कोपरापर्यंत हात घातला तेव्हा हाताला फुटकी काच लागली, आणि बाहेर आलेल्या गाळावर तेलाचा तवंग होता. त्यांनी तो आधी स्वतःच्या पोटरीला लावून पाहिला. खाज सुटली. त्या दिवसापासून त्यांनी गाळ बंद केला आणि मडक्यातल्या पाण्याची धार आणि ओला पंचा यावर भागवायला लागल्या. गुण यायचा, पण पूर्वीसारखा नाही. हे लोकांच्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना नीट झोप लागत नसे.

डॉक्टरांनी त्यांना एक रबरी पिशवी भेट दिली. चांगुणाबाईंनी ती भिंतीवर खिळ्याला टांगली. उन्हाच्या तिरिपीत दोन वर्षं टांगलेली राहिली. आल्यागेल्याला त्या सांगायच्या की ही डॉक्टरनं दिलीय. वापरली कधी नाही.

चौऱ्याऐंशीत हिरामण बावीस वर्षांचा होता. चांगुणाबाईंचा एकुलता एक. दहावी होऊन सहा वर्षं झालेली, खाडीत मासळी नाही, मिठागर नाही. पण त्याच्या पायात कबड्डीची चढाई होती. समोरच्या संघाचे सातही जण असले तरी बोनस घेऊन हा मांजरासारखा परत यायचा. तुर्भ्याच्या बाजूला एका कंपनीचा कबड्डीचा संघ होता. संघात घेतलं की कामावरही घेत, पर्मनंट. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी निवड होती. सारसोळ्याचं पोर कंपनीत पर्मनंट, हे गोटीरामने अजून झालेलं नसताना चार ठिकाणी सांगून टाकलं होतं.

निवडीच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, सरावात हिरामणचा घोटा पकडीत सापडला. हिरामण सुटला, घोटा सुटला नाही. दोघांनी त्याला धरून आणलं आणि ओट्यावर बसवलं.

चांगुणाबाईंनी तीन ठिकाणी दाबलं. हाड शाबूत होतं. शीर ताणली होती, तीही फार नाही. असे पाय त्यांनी शेकड्यांनी बघितले होते. आठ दिवसांत उभे राहणारे पाय होते ते. पण निवड नऊ दिवसांवर होती, आणि उभं राहणं वेगळं, चढाई वेगळी. त्यांना एक दिवससुद्धा वाया घालवायचा नव्हता. गोटीराम वाशीला जाऊन आला. डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं. दोघं पुण्याला लग्नाला गेली होती, सोमवारी येणार होती.

भिंतीवरची पिशवी त्यांनी काढली. पाणी घालून बघितलं तर उन्हाने रबराला चिरा पडलेल्या, दहा ठिकाणी गळायला लागली. ती ठेवली बाजूला. मग त्यांनी विचार केला, आणि तो विचार वाईट नव्हता. गाळ दिवसभर राहतो म्हणून सूज बसते. बर्फ जास्त गार म्हणून ठणका पटकन थांबतो. बर्फच जर गाळासारखा चहूबाजूंनी आणि गाळाएवढा वेळ लावला, तर आठ दिवसांचं काम चार दिवसांत का होऊ नये? चिखलवाली आणि डॉक्टर, दोघांचंही ज्ञान त्यांनी एकत्र केलं. असं करणारं सारसोळ्यात दुसरं कोणी नव्हतं.

पाटीत सकाळचा बर्फ उरला होता. त्यांनी तो बारीक फोडला आणि सवयीने त्यावर दोन मुठी जाडं मीठ टाकलं. सारसोळ्यात बर्फात मीठ टाकायला कोणी सांगावं लागत नाही. मीठ टाकलं की बर्फ जास्त गार पडतो, पापलेट संध्याकाळपर्यंत ताठ राहतं. मिठागरवाल्यांच्या घरात बर्फ आला की मीठ त्याच्या मागे येतंच. चांगुणाबाईंनी मीठ टाकलं हे त्यांना स्वतःलासुद्धा कळलं नसेल. तो चुरा त्यांनी ओल्या पंच्यात भरला आणि घोट्याभोवती गच्च बांधला.

"आये, चावतंय," हिरामण म्हणाला.

"चावू दे. गुन येतोय."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता नाय दुखत. कायच नाय लागत."

चांगुणाबाईंना इतकं बरं वाटलं की त्या जेवून आल्या. बर्फ वितळला तसा नवा भरला, त्यावर मीठ टाकलं. दुपारी बारापासून चारपर्यंत हे चाललं. मध्ये मध्ये त्या हाताने पाय चाचपत होत्या. हाताला पाय ठीक लागत होता.

चारला पंचा सोडला. सूज खरोखरच उतरली होती. असा सडपातळ घोटा त्यांनी पहिल्या दिवशी कधी बघितला नव्हता. दोन शेजारणी बघायला आल्या होत्या, त्यांनी तोंडात बोटं घातली आणि ही बातमी पाणवठ्यावर पोचवली. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग पांढरा पडला होता, मेणासारखा, आणि दाबला तर टणक लागत होता. गारठ्याने असेल, असं चांगुणाबाईंनी ठरवलं. पाचला तो लाल झाला. सहाला हिरामण ओठ चावून भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळी तिथे फोड आले होते, जांभळाएवढे, काही एकमेकांत मिसळलेले.

सोमवारी डॉक्टर पुण्याहून परतले, तशी हिरामणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला.

"फडका होता मध्ये?"

"ओला पंचा."

"किती वेळ?"

"चार तास."

"तरी एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "बर्फात काय होतं?"

"बर्फात काय असनार? मीठ."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बर्फात मीठ टाकलं की तो शून्याच्या कितीतरी खाली जातो, हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. चारुलताबाई तर दरवर्षी मुलांना करून दाखवायच्या, आइस्क्रीमच्या पाठात. पण बर्फात मीठ कोणी पायासाठी टाकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून सात वर्षांत त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं."

"तुमी मासे विकता का?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मंग तुमाला कसा म्हाईत असनार."

"पण तुम्हाला हाताला कळलं नाही? पाय केवढा गार झाला असेल."

चांगुणाबाईंनी तळवे पुढे केले. डॉक्टरांनी टेबलावरची पिन उचलली. "टोचतो. लागलं की सांगा."

"टोचा ना," चांगुणाबाई थोड्या वेळाने म्हणाल्या.

पिन टोचून झाली होती. तीन बोटांना. चांगुणाबाईंनी बोटांवरचे रक्ताचे बारीक ठिपके बघितले, मग बोटं पदरात गुंडाळली. आपला हातगुण ज्या हातात होता त्या हाताला कधीपासून काही कळत नव्हतं, हे त्यांना तिथे, दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. त्या रडल्या नाहीत. पण घरी जाताना त्यांनी रस्त्यात दोनदा चुकीचं वळण घेतलं.

डॉक्टर म्हणाले, शीर आठवड्यात बरी होईल, कातडीला पाच-सहा आठवडे लागतील, आणि बूट घालून पळायचं नाव काढायचं नाही. निवड झाली. कंपनीने जासईचा एक चढाईवाला घेतला. गोटीरामने ज्या चार ठिकाणी सांगितलं होतं तिकडे जायचं बंद केलं.

हिरामण आईला एक शब्द बोलला नाही. पट्टी दिवसाआड बदलावी लागे. त्यासाठी तो लंगडत बसने वाशीला जायचा. चांगुणाबाई पहिल्या दिवशी पट्टीला हात लावायला गेल्या तेव्हा त्याने पाय मागे घेतला. जोरात नाही, सहज घ्यावा तसा. त्यानंतर त्या पुन्हा गेल्या नाहीत. पाणवठ्यावर कोणी विचारलं की पट्टी कसली, तर तो सांगायचा, "कालवांच्या शिंपल्यांवर पाय कापला. पाय बरा झाला म्हणून खाडीत उतरलू, आनि कापला." सगळा गाव हे खरं धरून चालला. उलट चांगुणाबाईंचं नाव वाढलं. बाईने चार तासांत सूज उतरवली, पोराचीच दैवगती वाईट. लोक नारळ घेऊन येतच राहिले. चांगुणाबाई नारळ घ्यायच्या, पाय बघायच्या, आणि पाण्याची धार धरायच्या. हातगुण शाबूत होता. पोराने तो वाचवला होता, स्वतःच्या पायाची किंमत देऊन, आणि न सांगता. चांगुणाबाईंना हे इतकं लागलं की त्या घरात हिरामणकडे पाठ करून वावरायला लागल्या, आणि गप्प राहिल्या. गप्प राहणं सोपं होतं. तीन आठवडे त्या गप्प राहिल्या.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या सुमित्राबाईंची मुलगी भागीरथी पायरीवरून घसरली. चांगुणाबाई मार्केटातून परतत होत्या. सुमित्राबाईंच्या ओट्यावर भागीरथी बसलेली, मनगटाला ओला पंचा, पंच्यातून पाणी गळतंय.

"तुज्यासाटी थांबलू नाय," सुमित्राबाई अभिमानाने म्हणाल्या. "तू हिरामनला केलास तसाच केलाय. बर्फ बांदलाय."

चांगुणाबाईंनी खाली पडलेल्या पाण्याचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट होता. त्यांनी पाटी टाकली, पंचा ओरबाडून काढला आणि मनगट साध्या पाण्याच्या कळशीत बुडवलं. कातडी लाल झाली होती, पांढरी पडली नव्हती. पाच-सात मिनिटंच झाली होती.

सुमित्राबाईंना राग आला. "तूच तं केलास," त्या म्हणाल्या. "आनि आमी केला तं ओरबाडतस. गुन काय तुज्याच घरात ऱ्हायला पायजे?"

चांगुणाबाई मनगटाकडे बघत राहिल्या, ते पुन्हा गव्हाळ होईपर्यंत. मग पाटी उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फाचा ट्रक आला. गावातल्या मासळीवाल्या सगळ्या त्या एका ठिकाणी, त्या एका वेळी असतात. लाद्या उतरत होत्या, मोगऱ्या चालत होत्या. चांगुणाबाईंनी आपली लादी फोडायला घेतली नाही. लाद्या उतरवायच्या फळीवर त्या उभ्या राहिल्या. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. त्या मासे विकताना ओरडतात तशा आवाजात बोलल्या.

"हिरामनचा पाय कालवानं नाय कापला. मी बर्फात मीठ टाकून बांदला, चार तास. मी जाळला त्याचा पाय. त्याची नोकरी माज्या हातानं गेली. तो खोटा बोलला, माज्यासाटी."

मोगऱ्या थांबल्या. ट्रकवाल्याने लादी खांद्यावर घेतलेली होती ती तशीच धरून ठेवली. सुमित्राबाईंनी खाली बघितलं. मग मागून एक म्हातारी मासळीवाली म्हणाली, "किती मीठ टाकलास?"

"पापलेटाला टाकतंव तेवडा."

"मंग जलनारच," म्हातारी म्हणाली, जणू ती आधीपासून ओळखूनच होती.

"बर्फ लावायचा तं सुका फडका मदी," चांगुणाबाई म्हणाल्या. "मीठ नाय. एक चिलीम वढून व्हईपरेंत ठेवायचा, मंग काडायचा. आनि ज्याचा पाय हाय त्याला इचारायचा, लागतंय का. आपला हात लावून बगायचा नाय. आपल्या कुनाच्याच हाताला कलत नाय." त्या फळीवरून उतरल्या. "पिन टोचून बगा घरी जाऊन."

बायकांनी आपापल्या तळव्यांकडे बघितलं. मग ट्रकवाल्याने लादी टाकली आणि पुन्हा मोगऱ्या चालू झाल्या.

त्या दिवशी चांगुणाबाईंकडे कोणी आलं नाही. एका घरचा मुलगा पाय मुरगळून दारावरून गेला, बापाच्या खांद्यावर, थेट बसस्टॉपकडे. चांगुणाबाई ओट्यावर बसून त्यांना जाताना बघत होत्या. बसस्टॉप दिसेनासा होण्याइतपत लांब नव्हता.

हिरामण दुपारी आला. गावात त्याला सगळं कळलं होतं. तो त्यांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला. बराच वेळ समोरच्या भरावावर फिरणाऱ्या रोलरकडे बघत होता.

"मी कुनाला सांगितला नव्हता," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"मंग तू कशाला सांगितलास? आता कोन येल तुज्याकडं?"

"नाय आला तं नाय." चांगुणाबाई म्हणाल्या. "भागीचा हात गेला असता. तुजा पाय तं गेलाच."

आज हिरामणची पट्टी बदलायचा दिवस होता. साडेतीनची वाशीची बस कोपऱ्यावर येऊन थांबली, हॉर्न वाजवला आणि गेली. त्याने उठायची काही हालचाल केली नाही. मग तो जरा सरकला आणि आपला पाय उचलून आईच्या मांडीवर ठेवला.

"हलूच," तो म्हणाला. "लागलं तर सांगतंय."

चांगुणाबाईंनी हात पदराला पुसले आणि पट्टी सोडायला घेतली.